मुकं इंजिन

जी लाइन गप्प, ती आपली. हे आमच्या ह्यांचं वाक्य. लग्न होऊन कर्जतला आले त्या पहिल्या आठवड्यात मी ते ऐकलं आणि पुढे दहा वर्षं ऐकत राहिले. त्या वाक्यावर ह्यांचे पाय चालले, पोटही चाललं. घातही त्याच वाक्याने केला. मी चौथीपर्यंत शिकले आहे. सजवून लिहिणं मला जमायचं नाही. झालं तसं लिहिते.

माझं माहेर खालापूरकडचं. मानमोडीच्या साथीत आई आणि बाप आठ दिवसांच्या अंतराने गेले. मामाकडे तीन वर्षं काढली, मग मामाने लग्न उरकलं. मुलगा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याचा आहे, सायबांच्या क्लबात बाजा वाजवतो, एवढंच मला सांगितलं. आंधळा आहे हे कोणी सांगितलं नाही. लपवलंही नाही म्हणा, मीच विचारलं नव्हतं. अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी माळ माझ्या डोक्याच्या वर हवेतच धरली. भटजींनी मनगट धरून हात खाली आणला. मागे बायका हसल्या. तेव्हा मला कळलं.

डोळे पाचव्या वर्षी देवीत गेले होते. सासू त्या वेळी एका गोऱ्या ड्रायव्हरच्या बंगल्यात भांडी-लादी करायची. आंधळं पोर घरी कोणाजवळ ठेवणार, म्हणून बरोबर न्यायची आणि दिवाणखान्यात एका मोठ्या लाकडी पेटाऱ्याखाली बसवून ठेवायची. तो पेटारा म्हणजे पियानो. ड्रायव्हरची मडम रोज दुपारी वाजवायची आणि हे खाली बसून ऐकायचे. एक दिवस मडम आत गेली तेव्हा ह्यांनी उठून तिचंच वाजवलेलं दोन बोटांनी वाजवलं. सासू फडकं घेऊन मारायला धावली. मडमेने तिला थांबवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला घेतलं.

"मडमेला पोर नव्हतं आणि मला अक्कल नव्हती," सासू सांगायची. "नायतर पोराला टाळ दिला असता. निदान देवळात जेवला असता."

कर्जत म्हणजे घाटाचा पायथा. चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून इंजिनं लावत. ती गाडी खंडाळ्यापर्यंत ढकलत आणि मग एकटीच उतरून परत येत. त्यामुळे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड सगळे कर्जतला राहत. गोऱ्या आणि अर्ध्या गोऱ्या लोकांसाठी स्टेशनाजवळ रेल्वेचं इन्स्टिट्यूट, म्हणजे त्यांचा क्लब, होता. तिथल्या हॉलमधला पियानो वाजवायला हे सोळाव्या वर्षी लागले. शनिवारी नाच असायचा. कोणी ड्रायव्हर मुंबईहून ग्रामोफोनच्या तबकड्या आणायचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं वाजवणं, त्याला जाझ म्हणत. हे ती तबकडी तीनदा ऐकत आणि चौथ्यांदा स्वतः वाजवत. मला ते संगीत कधी आवडलं नाही. धावत्या माणसाचा पाय सारखा मुरगळतोय आणि तो पडत मात्र नाही, असं काहीतरी वाटायचं. पण नाचणाऱ्यांना ते आवडे. मुंबईच्या हॉटेलातले लोक दोनदा ह्यांना न्यायला आले. हे गेले नाहीत.

"मुंबईत मला कोणीतरी हाताला धरून न्यायला लागेल," ते म्हणाले. "इथं मी माझा जातो, माझा येतो."

हा त्यांचा सगळ्यात मोठा गर्व होता. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, रेल्वेची खोली सोडावी लागली आणि घर पळसदरीच्या अंगाला, ओढ्यापलीकडच्या वाडीत आलं. कोरड्या दिवसांत ओढा दगडांवरून ओलांडता येई. पावसाळ्यात मात्र कर्जतला यायचं तर रेल्वेचा पूल हीच वाट. दोन लाइनी, खाली लाकडी स्लीपर, स्लीपरांच्या फटीतून पाणी दिसायचं, आणि कडेला कमरेएवढा लोखंडी कठडा. बाजूने चालायला जागा नव्हती. चालायचं ते ह्या लाइनीतून नाहीतर त्या लाइनीतून. एक घाटाकडे चढणारी, दुसरी घाटातून उतरणारी.

लग्नानंतर त्याच आठवड्यात ह्यांनी मला पुलाच्या तोंडाशी उभं केलं.

"डोळे मीट," म्हणाले. "काय ऐकू येतं?"

"पाणी."

"आणखी?"

"काही नाही."

"चढाच्या लाइनीवर गाडी लागलीय. दोन इंजिनं आहेत मागं. एकाची वाफ ओली आहे, नीट ढकलत नाही. म्हणजे आपण कुठल्या लाइनीतून जायचं?"

मला सांगता येईना.

"जी लाइन गप्प, ती आपली," ते म्हणाले, आणि डाव्या हातातली काठी स्लीपरवर टेकत उतरणाऱ्या लाइनीतून चालू लागले. काठी ते नेहमी डाव्या हातात धरत. ताल डाव्या हाताचा, असं म्हणत. मी मागे मागे गेले. आम्ही मध्यावर असताना ती गाडी खरंच बाजूने वर गेली. पूल एवढा हलला की माझ्या दाढा वाजल्या. हे थांबलेसुद्धा नाहीत.

कोळशाचं इंजिन कधीच गप्प नसतं. चढताना धापा टाकतं, उतरताना ब्रेकने कण्हतं, उभं असलं तरी फुसफुसतं. ह्यांना ते मैलभरावरून कळायचं. घरी जेवताना सांगायचे, "रिकामं परत चाललंय," आणि पाणी पिऊन होईपर्यंत ते वाडीवरून जायचं. माझ्या देखत दहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. वाडीतल्या बायका मला टोमणे मारायच्या. "तुझा दादला मडमा नाचवतो गं, तुला कवा नाचवणार?" पण मुलाला रुळापलीकडे धाडायचं असलं की ह्यांनाच विचारायच्या, "मास्तर, काय येतंय का?"

मास्तर हे नाव शिकवण्यामुळे पडलं. सकाळी हॉल रिकामा असायचा, तेव्हा ड्रायव्हरांची मुलं शिकायला येत. डोळस मुलांच्या डोळ्यांवर हे रुमाल बांधत. मुलं रडत, त्यांच्या आया भांडायला येत, पण हे रुमाल सोडत नसत. मुलाने वाजवताना घाई केली की बाकावर काठीने ठोकून म्हणत, "दुसरा बोलतोय ना? थांब. तो गप्प झाला की तिथं शिर." पुलावरचाच धडा त्यांनी पियानोवर आणला होता. की पियानोवरचा पुलावर नेला होता, ते मला माहीत नाही.

त्या दिवसांतली शेवटची शिष्या म्हणजे गँगवाल्याची मुलगी. आमच्या वाडीच्याही पुढे, पळसदरीच्या बाजूला रूळ राखणाऱ्या गँगच्या खोल्या होत्या, तिथे राहायची. जन्मापासून आंधळी, आई नाही. तिचा बाप तिला घेऊन पहिल्यांदा आला तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल.

"मास्तर, हिला घ्या," तो म्हणाला. "लगीन तर व्हायचं नाय. मी मेलो की ही स्टेशनावर थाळी घिऊन बसंल."

"गाता येतं का?"

"हसता येतं," बाप म्हणाला. "दिसभर तेच करती."

ती खरंच फार हसायची. मला ती सुरुवातीला आवडली नाही. पण तिचा कान असा होता की हे घरी येऊन गप्प बसायचे. एकदा मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली आहे." असं ते कोणाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

खंडाळ्याला मिशनची मुलींची शाळा होती. तिथली पियानो वाजवणारी बाई म्हातारी झाली होती आणि त्यांना दुसरी हवी होती. आंधळी चालेल, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, मरेपर्यंत. हे इन्स्टिट्यूटमध्ये कानावर आल्यापासून ह्यांनी दुसरे सगळे शिष्य बाजूला ठेवले. दोन वर्षं त्या मुलीवर मेहनत घेतली. पुलावरून एकटीने कसं यायचं तेही शिकवलं, कारण बाप कामावर आणि आणणारं दुसरं कोणी नाही. पुलाच्या ह्या तोंडाशी हे उभे राहायचे, त्या तोंडाशी ती.

"काय ऐकू येतं?" हे ओरडायचे.

"चढाचं धापतंय, मास्तर. उताराचं गप हाय."

"मग?"

"गप हाय ती आपली." आणि ती हसत हसत काठी टेकत यायची. मला बघवायचं नाही. मी पाठ करून उभी राहायची.

मग लोखंडी खांब आले. रुळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे खणले, खांब उभे केले, वर तारा ओढल्या. आता विजेवर गाड्या चालणार म्हणाले. डोंगरातल्या ठाकरांच्या बायका मोळ्या घेऊन तारांखालून जायला तयार होईनात. सासू तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "वीज वरनं पडती ती काय कमी हाय, म्हणून तिला बांधून ठेवलीय?" त्या उन्हाळ्यात ती गेली. विजेची गाडी तिने पाहिली नाही.

पहिलं विजेचं इंजिन चाचणीला आलं तेव्हा सगळी वाडी बघायला गेली. हेही आले. मोठा हिरवट डबा, धूर नाही, धाप नाही. मधमाश्यांचं पोळं दूर कुठेतरी असावं तसा आवाज, तोही जवळ आल्यावर. लोक टाळ्या वाजवत होते. हे कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"गेलं का?" त्यांनी मला विचारलं.

इंजिन केव्हाच गेलं होतं. दहा वर्षांत त्यांनी मला असा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मी "हो" म्हटलं.

त्या महिन्यात गँगवाल्यांचा कुत्रा गेला. रुळावर झोपायचा आणि गाडी येण्याआधी बरोबर उठायचा, आठ वर्षं तसा जगला होता. मग एक म्हैस गेली. मुलीचा बाप आमच्या ओट्यावर बसून सांगत होता, "मुकं हाय ते. कुत्रं झोपल्या जागी मेलं, भुंकलंसुदा नाय. आमी डोळे असून दचकतो."

"सवय होईल," हे म्हणाले. "आवाज आहे त्याला. बारीक आहे."

"तुमाला येतो ना ऐकू?"

"येतो."

मी आत भाकरी थापत होते. सगळं ऐकलं.

खरा धोका कुठे आहे ते मला थोड्या दिवसांनी कळलं. सगळी इंजिनं एकदम बदलली नव्हती. मालगाड्या अजून कोळशावर चढत होत्या आणि उतरणाऱ्या लाइनीने विजेची इंजिनं एकटी परत येत होती. एक दिवस मी ह्यांच्या वीस-पंचवीस पावलं मागे होते. पुलाच्या अलीकडेच रुळांच्या कडेने चाललो होतो. चढाच्या लाइनीवर मालगाडी धापा टाकत वर चालली होती. तेवढ्यात समोरून उतरणाऱ्या लाइनीने विजेचं इंजिन आलं. हे त्याच लाइनीला लागून, हातभर अंतरावर चालले होते. चेहरा मालगाडीकडे. इंजिनाचा वारा लागून धोतर उडालं तेव्हा ते बाजूला सरले. आधी नाही. पुढे शंभर पावलांवर पूल होता. पुलावर सरायला जागा नाही.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं. "तुम्हाला ते ऐकू आलं नाही."

"आलं होतं."

"आलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही नेहमी सांगता."

"मालगाडीचा आवाज होता."

"तेच म्हणते. जी लाइन गप्प ती आपली, हे आता खरं नाही. मुलीला सांगा."

ते ताटावरून उठले. "सांगू? तिचा बाप उद्यापासून पाठवायचा बंद करील. भाद्रपदात मिशनची बाई ऐकायला येणार आहे. तोपर्यंत मुलीने घरी बसून काय, पाटावर बोटं आपटायची? आणि मला ऐकू येत नाही असं तू पुन्हा म्हणू नकोस."

"मी म्हटलं नाही म्हणून ऐकू येणार आहे का?"

त्यांनी काठी भिंतीवर आपटली. मला मारली नाही, भिंतीवर आपटली. नवऱ्याच्या शिष्येला नवऱ्याच्या मागे जाऊन त्याचा धडा खोटा आहे असं सांगणं आमच्यात बसत नव्हतं. मी पुन्हा बोलले नाही. फक्त मुलगी यायच्या वेळेला काही ना काही निमित्त काढून पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहू लागले.

आणि तेव्हापासून मुलगी उशिरा येऊ लागली. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. हे चिडायचे.

"पूर्वी वेळेवर येत होतीस."

"पाय दुखतो, मास्तर."

"पायाने वाजवायचं नाही."

ती हसायची, पण पूर्वीसारखी नाही. एकदा मला एकटीला म्हणाली, "काकी, तुमी रोज पुलाशी येऊन उभ्या ऱ्हाता. पायातली जोडवी वाजत्यात." मी म्हटलं, सरपण गोळा करते. ती म्हणाली, "बरं."

मिशनची बाई आली त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. ओढा भरून चालला होता. हे आणि मी लवकर निघून इन्स्टिट्यूटमध्ये आलो. दमट हवेत पियानोच्या पट्ट्या अडकतात म्हणून त्याच्या पोटात कंदील लावून ठेवायचा असतो, तो ह्यांनी आदल्या दिवशीच लावला होता. बाई दुपारच्या गाडीने आली. उंच, म्हातारी, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. परतीची गाडी तासा-दीड तासाने होती. मुलगी आली नव्हती.

अर्धा तास गेला. बाईने घड्याळ पाहिलं. हे पियानोसमोर बसून एकच पट्टी हळू हळू दाबत होते. मग स्टेशनात मालगाडीने शिट्टी दिली आणि मागच्या इंजिनांनी उत्तर दिलं. हे थांबले.

"मालगाडी चढायला निघाली," ते म्हणाले. "मुलगी आता पुलाशी असेल."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्या चेहऱ्यावर डोळे नव्हते तरी मला कळलं की मी सांगितलेलं त्यांना आठवलं आहे. ते उठले आणि काठी घेतली.

"मी तिला घेऊन येतो."

"मी जाते. तुम्ही बसा."

"तू थांब. बाईला जाऊ देऊ नकोस. बोलण्यात ठेव."

"मला इंग्रजी कुठं येतं?"

"मग चहा दे. पण ती गेली तर मुलीचं संपलं."

जन्मात कधी कोणाला हाताला धरून आणायला न गेलेला माणूस पावसात निघाला. मी थांबले. सांगितलं म्हणून थांबले. बाईला चहा दिला, तिने तो घेतला नाही. मग व्हरांड्यात आले. तिथून घाटाच्या बाजूचा सिग्नल दिसायचा. मी सांधेवाल्याची सून, सिग्नलचा हात खाली पडला म्हणजे गाडीला वाट मोकळी, हे मला ठाऊक होतं. चढाच्या लाइनीचा हात पडलेलाच होता, मालगाडी निघाली होती. बघता बघता उतरणाऱ्या लाइनीचाही हात पडला.

चप्पल तिथेच टाकून मी धावले.

रुळाच्या कडेने धावताना मालगाडी माझ्या बाजूने वर सरकत होती. मालाचे डबे, वाघिणीमागून वाघीण, आणि मागची इंजिनं भात्यासारखी ओरडत होती. माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. पुढे पूल दिसला. हे पुलाच्या मध्यावर होते. उतरणाऱ्या लाइनीत, गप्प लाइनीत, काठी ह्या स्लीपरवरून त्या स्लीपरवर, तोंड मालगाडीच्या आवाजाकडे. आणि पलीकडच्या तोंडाशी मुलगी होती. ती पुलावर नव्हती. रुळाच्या बाहेर पावसात उकिडवी बसली होती, डोक्यावर घोंगडं, आणि हाताचा तळवा रुळावर टेकवलेला. मी बघत असतानाच तिने हात चटकाच बसल्यासारखा उचलला आणि उभी राहून मागे सरली. तिच्या मागच्या वळणातून हिरवा डबा बाहेर आला.

मी ओरडले. कोणाला ऐकू जाणार? ड्रायव्हरने शिट्टी दिली, ती मालगाडीच्या आवाजात बुडाली. पण काठीला स्लीपरमधून काहीतरी लागलं असावं, कारण हे एकदम थांबले आणि वळून कठड्याला छातीने चिकटले. अंगाने सडपातळ होते म्हणून मावले. डाव्या हातातली काठी मात्र त्यांनी सोडली नाही. तो हात बाहेर राहिला.

त्याच इंजिनात घालून त्यांना कर्जत स्टेशनात आणलं, मुलीलाही बरोबर घेतलं. शुद्धीवर होते. फलाटावर बाकावर निजवलं, कोणीतरी धोतर फाडून हात बांधला. कल्याणला दवाखान्यात न्यायचं ठरलं. मुलीचा बाप धावत आला होता, तो बरोबर जाणार होता. ह्यांनी मला विचारलं, "ती आली का?"

"आली."

"बाई आहे का अजून?"

"आहे."

"मग तिला बसव पियानोवर. इथं काय करत्येस?"

कल्याणची गाडी त्यांना घेऊन गेली. मुलगी फलाटावर भिंतीला टेकून उभी होती, ओलीचिंब, थरथरत.

"तू पुलावर का नव्हतीस?" मी विचारलं.

"मी आता दोनी लाइनी जाऊ देते, काकी. हात लावून बघते. रूळ आधी बोलतो." तिचे दात वाजत होते. "मुकं इंजिन मास्तरांना नाय ऐकू येत. मला पाऊस लागल्यापासून ठाऊक हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मास्तरांना कसं सांगू?"

मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. म्हणाली, "तुमाला पण ठाऊक व्हतं. म्हणून तर तुमी पुलाशी यायच्या."

मी तिचा दंड धरला आणि तिला इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. बाई पिशवी घेऊन दारात उभी होती. काय झालं ते तिला कोणीतरी सांगितलं असावं, ती काहीतरी बोलली आणि मुलीच्या खांद्याला हात लावू लागली. मी मध्ये गेले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. ती बसली. मी पदराने मुलीची बोटं पुसली, एकेक बोट पुसलं, आणि तिला पियानोसमोर बसवलं.

ह्यांनी शिकवलेलं प्रार्थनेचं गाणं तिने वाजवलं. मग बाईने न सांगता एक नाचाचं वाजवलं, तबकडीवरचं. डावा हात आगगाडीसारखा चालू ठेवला. उजव्या हाताने जिथे शिरायचं असतं तिथे ती थांबली. एवढी थांबली की बाईने मान वर केली आणि मला वाटलं ही विसरली. मग शिरली. कितीही वेळ थांबली तरी डावा हात चुकला नाही. मला ते संगीत त्या दिवशीही आवडलं नाही, पण मी शेवटपर्यंत उभी राहून ऐकलं.

तिला जागा मिळाली. नवरात्राआधी ती खंडाळ्याला गेली ती कायमची. आम्हाला कधी भेटायला येई तेव्हा हसायची, पूर्वीइतकीच.

हात मनगटाच्या वर कापावा लागला. कल्याणला मी तिसऱ्या दिवशी गेले. हे खाटेवर बसले होते, तोंड खिडकीकडे. बाहेर यार्ड होतं, इंजिनं येत-जात होती.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

"ठाऊक होतं मला."

"तिला?"

"तिलाही."

ते म्हणाले, "म्हणजे मी एकटाच." मी हो म्हटलं.

नाचाचं काम गेलं. शिकवणं मात्र चालू राहिलं. पुढे कितीतरी वर्षं एका हाताने शिकवलं, उजवा भाग स्वतः वाजवायचे आणि डावा शिष्याकडून वाजवून घ्यायचे. डोळ्यांवर रुमाल बांधणं सुरू राहिलं. ते वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. पुलावरून माझा दंड धरून चालायचे. पहिल्या वेळी वाडीतल्या बायका बघायला उभ्या होत्या, कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी मला म्हणायचे, चल. रुळापाशी जाऊन बसायचे, उजवा तळवा रुळावर टेकवायचे. मी बाजूला उभी. "येतंय," म्हणायचे, आणि हात काढायचे. मग आम्ही वाट बघायचो. कधी इंजिन यायचं, कधी नुसतं वारं असायचं. शिकत होते. चाळिशीला आलेला माणूस मुलीने शिकवल्यासारखं पहिल्यापासून शिकत होता. दहात एखादं चुकायचं. चुकलं की मी लगेच सांगायची.